इशापूरची काळी रायफल

टेबलावरची जुनी लष्करी रायफल लखलखत असेल तर मी सहसा तिथं थांबत नाही. शंभर वर्षांच्या अक्रोडी लाकडावर व्हार्निशची चकाकी आली कुठून? कुणीतरी गॅरेजमध्ये बसून सँडपेपर फिरवलाय, दुसरं काय! सँडपेपरबरोबर लाकडावरचे तपासनिसांचे बारीक ठसे गेले, कडांची धार गेली आणि पैसे मोजावेत असं जे काही होतं तेही गेलं. देवघरातली जुनी पंचधातूची मूर्ती पितांबरीने घासघासून नाक-डोळे पुसट करून टाकावेत, तसला प्रकार. आणि विकणारा मात्र अभिमानाने सांगतो, "बघा, किती स्वच्छ केलीय!"

मी मूळचा चिंचवडचा. नोकरीचा पहिला काळ टूलरूमच्या इन्स्पेक्शनमध्ये गेला, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढणं हेच पोटापाण्याचं साधन. पुढे ओहायोत आलो, तिथेही गेज आणि मायक्रोमीटर सुटले नाहीत. जुन्या रायफलींचा नाद मात्र त्याआधीचा, कॉलेजातल्या एनसीसीचा. 'थ्री नॉट थ्री' पहिल्यांदा खांद्याला लागली तेव्हा खांदा दोन दिवस दुखत होता, आणि उस्ताद पुलथ्रूची दोरी आणि चिंदी हातात देऊन नळी साफ करायला बसवायचे तेही आवडायचं. भारतात .303 हा बोअर, म्हणजे नळीचं माप, प्रतिबंधित असल्यामुळे सामान्य माणसाने ती घरी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. इथे अमेरिकेत पन्नास वर्षांवरच्या बंदुकींसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना मिळतो. तीन वर्षांची फी तीस डॉलर, पण घेतलेल्या-विकलेल्या प्रत्येक रायफलीची वहीत नोंद हवी. 1898 अखेरपर्यंत बनलेली बंदूक तर संघराज्याच्या कायद्याने पुराणवस्तूच. आमच्या हिचं म्हणणं असं की तुमच्या वहीत रायफलींचे जेवढे नंबर आहेत तेवढे नातेवाइकांचे फोन नंबर पाठ असते तर बरं झालं असतं. असो.

इथे एक पद्धत आहे, एनआरएची म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशनची प्रतवारी. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर वगैरे. 'व्हेरी गुड' म्हणजे चालायला पूर्ण ठीक, कामाच्या पृष्ठभागांवर फारशी झीज नाही, गंजाचे खड्डे नाहीत, वरवरचे ओरखडे चालतील. 'फेअर' म्हणजे चालवायला सुरक्षित, पण झिजलेली, एखादा किरकोळ भाग बदलावा लागेल. जाहिरातीत हे शब्द वाचून लोक निर्धास्त होतात. पण माझ्या मते लष्करी रायफलीच्या बाबतीत ही प्रतवारी निम्मंच काम करते. ती झीज मोजते. रायफलीचे सगळे भाग एकमेकांना ओळखतात का, हे त्यातून नीट कळत नाही, आणि किंमत सगळी तिथेच असते. चार वेगवेगळ्या रायफलींच्या भागांतून जुळवलेली आणि नव्याने ब्लूइंग म्हणजे धातूवर निळसर-काळा मुलामा केलेली एखादी सुद्धा दिसायला 'व्हेरी गुड' असू शकते.

माझा जीव ली-एनफिल्डवर, म्हणजे त्याच ब्रिटिश थ्री नॉट थ्रीवर, त्यातही एसएमएलई म्हणजे शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्डवर. 1904 ची पहिली आवृत्ती, 1907 ची मार्क 3, आणि पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढावा म्हणून काही भाग गाळून आलेली मार्क 3 स्टार. हिच्यावर नंबर किती ठिकाणी असतो? रिसीव्हरवर म्हणजे मधल्या लोखंडी चौकटीवर, तिच्यात पुढे-मागे सरकून नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या दांड्याच्या मागे, नळीवर, पुढच्या नोजकॅपवर म्हणजे तोंडाकडच्या टोपीवर, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीवर आणि पुढच्या लाकडाच्या खालच्या बाजूला. हे सगळे जुळणं दुर्मीळ. निदान रिसीव्हर आणि बोल्ट जुळायला हवेत, आणि त्याचं कारण केवळ शौक नाही. .303 चं काडतूस आपल्या मागच्या काठावर टेकतं. बोल्टचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांत त्या काठापुरती जागा लागते, तिला हेडस्पेस म्हणतात, ती किमान 0.064 इंच. ती 0.074 च्या पुढे गेली की लष्कराच्या हिशेबाने रायफल बाद. प्रत्येक बोल्ट त्या-त्या रायफलीत बसवून तपासलेला असतो. दुसऱ्याचा बोल्ट घातला तर ते माप नशिबावर. ली-एनफिल्डच्या नंतरच्या नंबर 4 आवृत्तीत ही अडचण थोडी सोपी केली होती, बोल्टचं डोकं 0 ते 3 अशा मापांत मिळायचं आणि वर आकडा कोरलेला असायचा. 3 नंबरचं डोकं दिसलं की मी गेज बाहेर काढतो, कारण एवढं मोठं डोकं लावावं लागलं म्हणजे बरीच झीज भरून काढलेली असू शकते.

नंबर जुळतात म्हणून लगेच खिशात हात घालू नये. हल्ली जुळवूनही दिले जातात. ठसा मारला की त्याच्या कडेचा धातू किंचित वर उचलला जातो. जुन्या ठशावर ती कड वर्षानुवर्षांच्या हाताळणीने बसलेली असते आणि तळाशी जुनं ब्लूइंग किंवा काळपट तेल असतं. ताज्या ठशाची कड बोटाला लागते, तळ उजळ असतो. आणि जुना आकडा घासून काढला असेल तर तिथे सपाटी बिघडलेली असते. टॉर्च आडवा धरा, लगेच दिसतं. लष्कराच्या वर्कशॉपला बोल्ट बदलायची वेळ आली तर ते जुन्या नंबरावर रेघ ओढून शेजारी नवा मारायचे. त्यांना काही लपवायचं नव्हतं. ती रेघ पाहून गिऱ्हाईक नाक मुरडतं, मला मात्र ती आवडते.

नळी. आत टॉर्च टाकून रायफलिंग म्हणजे आतले पिळाचे आटे बघायचं हे सगळेच करतात. एसएमएलईमध्ये पाच आटे, डावीकडे पीळ. युद्धकाळच्या काही नंबर 4 मध्ये दोनच आटे असतात, तो दोष नाही, उत्पादन उरकण्यासाठी तसं केलं होतं आणि त्या व्यवस्थित मारतात. नळी काळवंडलेली असेल तर तेवढ्यावरून सोडू नये. जुन्या काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, क्षार असायचे. फायरिंगनंतर नळी पाण्याने धुतली नाही की ते हवेतली ओल ओढून घ्यायचे आणि गंज चढायचा, म्हणून उकळतं पाणी ओतायची शिस्त होती. ती शिस्त रोज कोण पाळणार? शिवाय काडतुसातली कॉर्डाइट दारू अतिशय तापून जळते, त्यामुळे नळीची झीज काडतुसाच्या पुढ्यातच सुरू होते. आटे उभे आणि धारदार असतील तर काळी नळीही चांगला नेम देते.

पण तोंडाकडे मात्र नक्की बघा. पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासली की नळीचं तोंड अंडाकृती होतं. आम्हीही एनसीसीत दोरी तशीच तिरकी ओढायचो, उस्तादांची पाठ वळली की. साधी परीक्षा अशी: अख्खं .303 काडतूस, जिवंत नव्हे, दारू काढलेलं डमी, टोकाकडून नळीच्या तोंडात घालायचं. गोळीचा बराचसा भाग बाहेर राहिला तर तोंड चांगलं. काडतुसाची मान तोंडाला टेकली तर समजा तिथे काही उरलेलं नाही. मी घरी पिन गेज वापरतो, पण प्रदर्शनाच्या टेबलावर गेजचा डबा उघडला की विक्रेते बिथरतात.

आता इशापूर. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठावर रायफल फॅक्टरी आहे, 1904 पासून. ब्रिटिश काळातल्या रायफलीवर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. (राजा-सम्राट जॉर्ज), मग इशापूर आणि साल. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. ही अक्षरं. 1962 च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हातात .303 च होती. त्यानंतर सेल्फ-लोडिंग रायफली पुरेशा मिळेपर्यंत सोय म्हणून इशापूरने हीच जुनी रचना 7.62 मिमीच्या नाटो काडतुसासाठी बनवली, 2ए आणि 2ए1. मॅगझीन बारा गोळ्यांचं, जरा चौकोनी. 2ए1 च्या मागच्या साइटवर अंतराचे आकडे 2000 ऐवजी 800 पर्यंतच. इथे अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात की ही म्हणजे जुन्या .303 ला नवी नळी ठोकलेली. अहो, रिसीव्हरच्या दस्त्याकडच्या कड्यावर 'रायफल 7.62 एमएम 2ए1' आणि साठच्या दशकातलं साल स्पष्ट मारलेलं असतं. ती मुळातच नव्याने बनलेली आहे.

या रायफलींकडे अमेरिकन संग्राहक वर्षानुवर्षं कमीपणाने बघत आले. कारणं दोन. एक, काळा रंग. भारतात दमट हवेसाठी धातूवर काळा एनॅमल चढवलेला असतो, ब्रशचे फराटे दिसतील असासुद्धा. दुसरं, मॅगझीनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू. इथला माणूस तो बघतो आणि म्हणतो, "कुणीतरी तडा गेलेलं लाकूड स्क्रू मारून सांधलंय." वस्तुस्थिती अशी की लाकूड फुटू नये म्हणून हा स्क्रू भारतीय वर्कशॉपच ठरवून बसवत असे, आणि .303 वर तो दिसला की रायफल भारतीय सेवेतून आली याची ती जवळजवळ सहीच. मग उत्साही माणूस काय करतो? रंग पेंट-स्ट्रिपरने उतरवतो, स्क्रू काढून भोक बुजवतो, लाकूड घासून गुळगुळीत करतो. रायफल सुंदर दिसायला लागते आणि तिच्यात भारताचं काही शिल्लक राहत नाही. माझ्या भिंतीवर आहे ती 1960 च्या दशकातली 2ए1 फराट्यांसकट आहे. दस्त्यावर कुणातरी कोठारातला रॅक नंबर पांढऱ्या रंगात रंगवलाय, अर्धा उडालेला. तो मी पुसलेला नाही आणि पुन्हा रंगवलेलाही नाही. वरून अधूनमधून जवसाचं तेल बोटाने चोळतो, तेही अगदी थोडं.

लाकूड ओळखायला शिकलं पाहिजे. ब्रिटिश दस्ता अक्रोडाचा, ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याचा कोचवुड किंवा क्वीन्सलँड मेपलचा, भारतीय दुरुस्तीत इकडची लाकडं येतात, जड आणि गडद. 1942 च्या लिथगोला अक्रोडाचा दस्ता असेल तर तो कधी बदलला हे विचारा. बदलला म्हणून वाईट होत नाही, पण किंमत वेगळी.

ज्या रायफलींना पैसे जास्त, तिथे नकलाही जास्त. नंबर 4 ची स्नायपर आवृत्ती घ्या. अचूक मारणाऱ्या रायफली निवडून त्यांतल्या बहुतेक लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने दुर्बीण बसवायला तयार केल्या. खऱ्या नगाच्या रिसीव्हरवर 'टी' असतो, दस्त्याखाली बहुधा 'एस 51', आणि दस्त्याच्या मनगटावर म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागावर त्या विशिष्ट दुर्बिणीचा नंबर. दुर्बिणीच्या कंसावर रायफलीचा नंबर. म्हणजे लाकूड, लोखंड आणि काच यांनी एकमेकांची साक्ष द्यायची. 'टी' चा ठसा आज कुणीही करून घेतो, पण तिघांची साक्ष जुळवणं कठीण. दुसरं, जंगल कार्बाइन, म्हणजे नंबर 5. आखूड, तोंडाला फनेलसारखा फ्लॅश हायडर, बघताक्षणी भुरळ पाडणारी. साध्या नंबर 4 ची नळी कापून इथे शेकड्यांनी 'जंगल कार्बाइन' झाल्यात. वरचं लाकडी आवरण उचला. खऱ्या कार्बाइनच्या नळीच्या मुळाशी वजन कमी करायला धातू खरवडून काढलेला असतो. तिथे सगळं भरीव असेल तर नमस्कार करून निघा. आवरण उचलू देत नसेल तर आधीच निघा.

खैबरच्या रायफलींची मजा वेगळीच. आजच्या पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी हाताने कानस फिरवून ब्रिटिश रायफली हुबेहूब उतरवल्या, ठशांसकट. फक्त इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे 'एन' उलटा, एनफिल्डचं स्पेलिंग स्वतंत्र. एका टेबलावर एसएमएलई होती, मुकुटाखाली 'व्ही.आर.', म्हणजे व्हिक्टोरिया राणी. राणी 1901 मध्ये वारली, एसएमएलई 1904 मध्ये आली. विक्रेत्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला की म्हणूनच ती दुर्मीळ आहे. या हत्याराला बाजार आहे, आणि हाताचं काम म्हणून बघितलं तर माझ्यासारख्या टूलरूमवाल्याला हात जोडावेसे वाटतात. पण पोलाद कुठलं वापरलंय ते कारागीरच जाणे, हिच्यात काडतूस घालू नका.

मला भारतीय चेहऱ्यामुळे एक खास वागणूक मिळते. विक्रेते मला गोष्टी सांगतात. एका वसंतात कोलंबसजवळच्या प्रदर्शनात एकाने बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याची मार्क 3 स्टार पुढे केली. दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती असते, तिच्यावर पलटणीची अक्षरं कोरायची पद्धत. या चकतीवर मराठा पलटणीची अक्षरं होती. "ही कुतच्या वेढ्यात होती, तुमच्या लोकांच्या हातात," तो म्हणाला, आणि नेहमीच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट सांगितले.

आता मी पुण्याकडचा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतमध्ये अडकली ती सहावी पूना डिव्हिजन हे मला लहानपणापासून माहीत. 103 वी, 110 वी आणि 117 वी अशा तीन मराठा पलटणी तिथे होत्या. डिसेंबर 1915 पासून वेढा, घोडी खाऊन दिवस काढले, 29 एप्रिल 1916 ला शरणागती. माझा हात जरा थरथरला हे खरं. मग मी रायफल उलटी करून उजव्या बाजूला मनगटापाशी असलेलं साल बघितलं. 1917.

तरीही चकती नीट पाहिली. मराठे 1916 नंतरही मेसोपोटेमियात लढत होतेच, तेव्हा कुत नाही तरी दुसरं काही निघालं असतं. पण दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी काळी-तपकिरी झालेली आणि चकतीच्या स्क्रूच्या खाचेत मात्र पिवळंधमक पितळ. चकतीभोवतीच्या फटीत मळ नाही, तेल नाही. एका स्क्रूवर बसणारी वस्तू आहे ती, सुट्टी विकतही मिळते. चकती जुनी असेलही, एखाद्या खऱ्या मराठा रायफलीची असेलही, पण या रायफलीबरोबर तिचं लग्न अलीकडे लागलेलं.

बाकी रायफल उत्तम होती. बोल्ट, रिसीव्हर, नोजकॅप जुळत होते, नळीचं तोंड गोल, लाकडाला सँडपेपर लागलेला नाही. मी साध्या 1917 च्या बीएसएला जो भाव येतो तो सांगितला. तो हसला. मी चहा प्यायला गेलो. रविवारी दुपारी तीननंतर सामान गाडीत परत चढवायचं जिवावर येतं तेव्हा भाव बोलायला लागतात. त्याने लांबूनच हात केला. वहीत मी नोंद केली: 'चकती नंतर बसवलेली, गोष्ट धरू नये.' उद्या मी विकली तरी ही नोंद बरोबर जाईल.

किंमत ठरवणाऱ्या गोष्टी कधीकधी अगदी विचित्र असतात. जपानी अरिसाका रायफलीवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असतं, सम्राटाचं चिन्ह. शरणागतीनंतर बहुतेक रायफलींवरचं ते घासून काढलं गेलं. फूल शाबूत असलेली अरिसाका बरीच महाग जाते, बाकी दोन्ही सारख्या असल्या तरी. जर्मन माउझर रायफलीचं पुढचं लाकूड पट्ट्याखाली करवतीने कापलेलं सापडतं, कारण अमेरिकन सैनिकाला ती आपल्या किटबॅगेत कोंबायची होती. तो काप किंमत उतरवतो. पण त्यामुळेच ही रायफल युद्धातून थेट घरी आली, मधे कुठल्या डेपोत फिरली नाही, याला पुष्टी मिळते. सैनिकाचा कॅप्चर पेपर, म्हणजे ती शत्रूकडून मिळवल्याचा लष्करी कागद, सोबत असेल तर मी तो काप आनंदाने पत्करतो. याउलट सॅव्हेज या अमेरिकन कंपनीच्या नंबर 4 वर 'यू.एस. प्रॉपर्टी' लिहिलेलं असतं म्हणून इथले लोक ती अमेरिकन सैन्याची समजून जास्त मागतात. ती लेंड-लीज या अमेरिकेच्या युद्धमदत योजनेखाली ब्रिटिशांसाठी बनली, दहा लाखांवर बनली. जास्त देण्याचं कारण नाही. आणि शिकारीसाठी लाकूड कापून 'स्पोर्टर' केलेली असेल तर ती पुन्हा लष्करी रूपात आणायला लागणारे जुने भाग आज अख्ख्या रायफलीच्या जवळपास जातात. हिशेब आधी मांडा.

मंडळातल्या लोकांच्या अमेरिकन शेजाऱ्यांकडून मला अधूनमधून निरोप येतात, "आजोबांची रायफल माळ्यावर सापडली, किती येतील?" दूरवरून भाव सांगणं मला पटत नाही, पण फोटो बघून निम्मं कळतं. आधी ती रिकामी आहे याची कुणाकडून तरी खात्री करून घ्या. पुसायची झाली तर कोरड्या मऊ फडक्याने, स्टीलवुल घरातसुद्धा आणू नका. हेडस्पेस तपासल्याशिवाय कुणी हौस म्हणूनही उडवायची नाही. फोटो उन्हात नको, खिडकीजवळच्या आडव्या प्रकाशात: उजव्या बाजूचं मनगट, रिसीव्हरचं डावं अंग, नळीचं तोंड समोरून, दस्त्याची खालची कड. बोल्ट काढता येत असेल तर त्याचा वेगळा, दांड्यामागचा नंबर वाचता येईल असा.